एक विद्यालय, अनेक तबकड्या

२१ ऑगस्ट १९३१ रोजी पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत निवर्तले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी नाशिकला, पंचवटीत, स्वतः स्थापन केलेल्या ‘रामनाम आधार आश्रमा’त काढली होती. मागे राहिलेला मुलगा दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. पुढे लोक त्याला बापूराव किंवा डी. व्ही. पलुस्कर म्हणू लागले. आधीची सगळी भावंडे लहानपणीच गेलेली, हाच एक जगलेला. दहाव्या वर्षी वडील गेल्यावर वडिलांची गायकी मुलाकडे कितीशी येणार? तरीही पुढे जेव्हा जेव्हा बापूरावांचे गाणे वाखाणले गेले तेव्हा तेव्हा ‘वडिलांचा वारसा’ हेच शब्द वापरले गेले. तो वारसा प्रत्यक्षात आला वडिलांच्या शिष्यांच्या हातून, आणि हे शिष्य तोवर एकमेकांपासून बरेच दूर गेले होते. त्यांच्या ध्वनिमुद्रिका शेजारी शेजारी ठेवून ऐकल्या तर एकाच गुरूच्या घरात नऊ-नऊ वर्षे वाढलेली ही माणसे इतकी वेगवेगळी कशी गातात, असा प्रश्न पडतो. माझ्या मते त्यांच्या ख्यालावर गुरूपेक्षा जास्त परिणाम त्यांनी पुढे जिथे पोट भरले त्या जागांचा झाला. गुरूचा खरा ठसा शोधायचा असेल तर तो भजनात शोधायला हवा, आणि त्या शोधात नाशिकचा आश्रम टाळून पुढे जाता येत नाही.

हे शिष्य कसे घडले ते आधी पाहिले पाहिजे. विष्णु दिगंबरांचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. फटाक्याच्या स्फोटात लहानपणी डोळे अधू झाले, उपचारांसाठी मिरजेला यावे लागले आणि तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेरची तालीम मिळाली. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जलसा केला, म्हणजे राजवाडा आणि देऊळ सोडून गाणे थेट लोकांपुढे नेले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झाले आणि १९०८ मध्ये मुंबईची शाखा. या विद्यालयात ‘उपदेशक वर्ग’ नावाची एक व्यवस्था होती. विद्यार्थ्याकडून नऊ वर्षांचा करारनामा लिहून घेतला जाई, राहणे-जेवणे गुरूकडे, आणि त्या बदल्यात शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवायचे व जलशांत साथ करायची. नोटेशन गुरूचे, ‘संगीत बालप्रकाश’ आणि ‘रागप्रवेश’ ही पुस्तकेही गुरूचीच. बंदिशींचे शब्द गुरूने तपासून घेतलेले असत. शृंगाराकडे झुकणारे शब्द काढून तिथे भक्तीचे शब्द घातलेल्या कितीतरी चिजा या विद्यालयातून बाहेर पडल्या. एकत्र राहायचे, एकत्र प्रवास करायचा, एकाच मंचावर एकाच शिस्तीने गायचे, असा तो दिनक्रम. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व शंकरराव व्यास, बा. र. देवधर, नारायण मोरेश्वर खरे ही सगळी मंडळी याच घुसळणीतून निघाली.

पाश्चात्त्य रॉक संगीताच्या अभ्यासकांकडे अशा परिस्थितीसाठी एक चांगली रीत आहे. बँड फुटला की सदस्यांचे स्वतंत्र अल्बम घ्यायचे आणि तुलना करायची. १९७० साली बीटल्स विखुरले आणि त्या एकाच वर्षात चौघांचेही स्वतंत्र अल्बम बाजारात आले. पॉल मॅकार्टनीने जवळजवळ सगळी वाद्ये स्वतःच वाजवून घरगुती अल्बम केला. रविशंकरांकडे सतार शिकलेल्या जॉर्ज हॅरिसनने ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा तीन तबकड्यांचा संच काढला, कारण बँडमध्ये त्याच्या गाण्यांना जागा मिळत नव्हती आणि ती साचत गेली होती. जॉन लेननचा अल्बम मानसोपचारांतून बाहेर आलेल्या माणसाचा, उघडावाघडा. रिंगो स्टारने आधी आपल्या लहानपणी घरात वाजणारी जुनी गाणी गायली आणि मग थेट नॅशव्हिलला जाऊन कंट्री संगीत. हे सगळे अल्बम ऐकल्यावर बँडमध्ये कोण काय आणत होता हे कळते, आणि बँड कुणाचे काय दाबून ठेवत होता हेही कळते. ही रीत आपल्या गायकांना लावायला हरकत काय?

पहिली हरकत लगेच येईल आणि ती रास्त आहे. बँड म्हणजे बरोबरीच्यांचा मेळ. गुरूचे घर म्हणजे उतरंड. बीटल्समध्ये कुणी कुणाचा शिष्य नव्हता. इथे मात्र एकाने द्यायचे आणि बाकीच्यांनी घ्यायचे. त्यामुळे शिष्याच्या गाण्यातला फरक म्हणजे शिष्याने केलेली भर किंवा शिष्याची चूक, इतक्याच दोन शक्यता आपली परंपरा मान्य करते. पण याच कारणासाठी ही रीत इथे उपयोगी पडते. परंपरेची भाषा सगळे श्रेय वरच्या दिशेला, गुरूकडे आणि घराण्याकडे पाठवते. गायकाने आयुष्यात आणखी कुणाला ऐकले, कुणाच्या पगारावर राहिला, कुठल्या श्रोत्यासमोर रोज उभा राहिला, हे त्या भाषेत मावत नाही. तबकडीला मात्र घराण्याची लाज नसते. यंत्रापुढे त्या दिवशी जे गायले गेले तेच तिच्यावर उतरते. शिवाय विष्णु दिगंबरांच्या घरातली उतरंड शिष्यांचे आवाज एकसारखे करू शकली नव्हती, ही गोष्ट त्या काळातल्या जाणकारांनाही दिसत होतीच. खुद्द गुरूच्या गायकीची कल्पना आपल्याला मुख्यतः शिष्यांच्या आणि समकालीनांच्या वर्णनांवरून करावी लागते, त्यामुळे शिष्यांच्या मुद्रिका हा आपल्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

नारायणराव व्यासांपासून सुरुवात करणे योग्य, कारण तबकडीवर पहिले मोठे राज्य त्यांचे. जन्म १९०२, कोल्हापूर. विसाच्या दशकाच्या अखेरीस ‘हिज मास्टर्स व्हॉइस’साठी त्यांच्या मुद्रिका निघू लागल्या आणि घरोघर पोहोचल्या. १९२५ नंतर जगभर ध्वनिमुद्रण कर्ण्याऐवजी मायक्रोफोनवर होऊ लागले होते आणि ते तंत्र हिंदुस्थानात येताच ज्या गायकांचे नशीब उघडले त्यांत नारायणरावांचे नाव ठळक घ्यावे लागेल. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात राग उभा करायचा, अस्थायी-अंतरा दोन्ही म्हणायचे, बोलताना आणि ताना घ्यायच्या आणि समेवर सुबक येऊन थांबायचे. नारायणरावांनी हे काम असे आत्मसात केले की त्यांच्या मुद्रिका ऐकताना काही तोडून टाकल्याची भावना होत नाही. सुरुवात झटकन, पट्टी उंच, शब्द लख्ख, ताना मोत्यांसारख्या सुट्या. ग्वाल्हेर गायकीत बंदिशीला आधीपासूनच मान होता, त्यामुळे सव्वातीन मिनिटांचे हे बंधन इतर घराण्यांच्या मानाने ग्वाल्हेरवाल्यांना कमी जाचले, हे खरे. तरीही नारायणरावांच्या गाण्याला आलेला हा आटोपशीरपणा आणि चटपटीतपणा मला स्टुडिओची देणगी वाटतो, कारण त्याच घरातून त्याच बंदिशी घेऊन निघालेल्या दुसऱ्या कुणाच्या गाण्यात तो या प्रमाणात नाही. त्यांच्यावरचा सर्वांत मोठा संस्कार कुणा उस्तादाचा नव्हता, घड्याळाचा होता. ही टीका नाही. लाखो माणसांच्या कानांत राग पहिल्यांदा पडला तो याच आकारात.

विनायकराव पटवर्धनांचे गाणे ऐकायला घ्या आणि हवा एकदम बदलते. जन्म १८९८, मिरज. ते लहानपणीच लाहोरला विष्णु दिगंबरांकडे गेले, नऊ वर्षांचा शिरस्ता पार केला आणि १९२२ मध्ये बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाले. पुढची सुमारे दहा वर्षे ते बालगंधर्वांच्या नायिकेसमोर नायक म्हणून उभे होते. रात्र रात्र चालणारी नाटके, पद संपताच ‘वन्स मोअर’चा गजर, समोर बालगंधर्वांसारखा लोभस गळा, आणि साथीला अहमदजान थिरकवाँचा तबला व कादरबक्षांची सारंगी. अशा ठिकाणी दहा वर्षे टिकायचे तर गाणे कमरेत ताठ असावे लागते. विनायकरावांच्या मुद्रिकांत जो रोखठोकपणा आहे, लयीवरची जी हुकमत आहे, तराण्यात जी चढत जाणारी धमक आहे, ती विद्यालयातल्या शिस्तीने सुरू झाली असेल, पण पक्की झाली ती रंगभूमीवर. त्यांचा आवाज नारायणरावांइतका गोड नव्हता आणि बालगंधर्वांशी तर तुलनाच नको. तरीही बालगंधर्वांच्या लाडिक हरकतींचे अनुकरण त्यांनी केले नाही, याचे मला फार महत्त्व वाटते. प्रभाव पुष्कळदा नकलेतून दिसतो तसा नकारातूनही दिसतो. ज्याच्या शेजारी रोज उभे राहायचे त्याच्यासारखे गाणे शक्य नाही हे ओळखून दुसऱ्याच बाजूने, लयीच्या आणि जोराच्या बाजूने, आपली जागा करणारा गायक त्या मुद्रिकांत ऐकू येतो. १९३२ मध्ये ‘माधुरी’ या बोलपटात काम करून त्यांनी पडद्यालाही हात लावून पाहिला, पण त्याच वर्षी ८ मे रोजी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले आणि उरलेले आयुष्य शिकवण्यात व ‘रागविज्ञान’चे भाग लिहिण्यात घालवले. म्हणजे नाटक सोडून ते गुरूच्याच कामाकडे परतले. गाणे मात्र नाटकातून कमावलेले होते, आणि पुण्यात शिकवले गेले ते हे गाणे.

विनायकराव आणि नारायणराव पुढे एकत्र जुगलबंदी गात. दोघे गुरुबंधू, बंदिशी त्याच, पण गाताना एकाच्या हाती वजन आणि दुसऱ्याच्या हाती धार. हे दोन आवाज परस्परांना पूरक ठरतात ते वेगळे आहेत म्हणूनच. दोघांत घराण्याचे सारखेपण प्रबळ असते तर अशा जुगलबंदीत रंगत कशी आली असती?

ओंकारनाथ ठाकुरांची गोष्ट सर्वांत लांबची. जन्म १८९७, खंभातजवळचे जहाज गाव. घरात पराकोटीचे दारिद्र्य, लहानपणी मिळेल ते काम, त्यात रामलीलेच्या मंडळीतले कामही. मग एका पारशी धनिकाच्या आश्रयाने मुंबईच्या विद्यालयात प्रवेश. गुरूने त्यांना अवघ्या विशीच्या आत लाहोरच्या विद्यालयाची जबाबदारी दिली. त्यांच्या कोलंबियाच्या मुद्रिका ऐका: कोमल रिषभ आसावरी, तोडी, मालकंस, नीलांबरी. आवाज कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत जातो, एकच शब्द तीन-चार प्रकारच्या भावनेने परत परत उच्चारला जातो, मींड लांबवत नेली जाते. नारायणरावांच्या तबकडीशेजारी ही तबकडी ठेवली तर दोघे एका वर्गात बसून एका पुस्तकातून शिकले यावर विश्वास बसत नाही. यामागे कुणाचा हात? जाणकारांनी एक नाव सांगितले आहे ते रहमत खाँचे. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे हे चिरंजीव, त्यांची अखेरची वर्षे विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कसवाल्या कुटुंबाच्या आसऱ्याने गेली, आणि ते १९२२ मध्ये वारले ते कुरुंदवाडला, म्हणजे विष्णु दिगंबरांच्याच गावी. रहमत खाँची स्वरात विरघळून जाणारी, आर्त गायकी अब्दुल करीम खाँनाही भुरळ घालून गेली होती. ओंकारनाथांच्या संथ, स्वराशी रेंगाळणाऱ्या आलापीत ती भुरळ ओळखू येते. पण केवळ रहमत खाँवर थांबून चालणार नाही. शब्द अभिनीत करण्याची ती ओढ, श्रोत्याला पकडून ठेवायचे ते नाट्य, याला मला रामलीलेची मंडळी आणि पुढे राजकीय सभांचे व्यासपीठ हे दोन्ही कारण वाटतात. ओंकारनाथ स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते होते. हजारोंच्या सभेत ‘वंदे मातरम्’ म्हणणारा गळा छोट्या बैठकीच्या मापाने विचार करत नाही. त्यांच्यावर अतिनाट्याचा आरोप झाला, अजूनही होतो. आरोप खोटा नाही. मात्र ज्या गुरूने १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्षांचा आक्षेप असूनही ‘वंदे मातरम्’ पूर्ण गायले, त्याच्या शिष्याला गाणे हे जनसभेचे काम वाटले तर त्यात आश्चर्य नाही. इथे गुरूचा प्रभाव आहेच, पण तो गळ्यातून आलेला नाही, आचरणातून आलेला आहे.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले, १९३० च्या दांडी यात्रेत चालले आणि १९३८ मध्ये हरिपुऱ्याला वारले. त्यांचे काम तबकडीवर नाही, ‘आश्रम भजनावली’ या पुस्तकात आहे. शंकरराव व्यास, नारायणरावांचे थोरले भाऊ, चित्रपटाकडे वळले. प्रकाश पिक्चर्सच्या ‘भरतभेट’ आणि १९४३ च्या ‘रामराज्य’ला त्यांचे संगीत, आणि ‘रामराज्य’मधल्या भीमपलास रागातल्या गाण्यासाठी त्यांनी गळा निवडला तो अब्दुल करीम खाँची कन्या सरस्वती राणे यांचा. बा. र. देवधरांनी स्वतःच्या मुद्रिकांचा डोंगर उभा केला नाही. त्यांनी १९२५ मध्ये मुंबईत संगीताची शाळा काढली, पाश्चात्त्य संगीत शिकले, आवाज जोपासण्याच्या शास्त्राचा अभ्यास केला आणि घराण्यांच्या कुंपणाबाहेरचे गवई शाळेत बोलावले. त्यांच्याकडे १९३६ च्या सुमारास एक मुलगा शिकायला आला, जो मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत असे. तो मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. देवधरांनी काय ऐकले होते आणि त्यातून काय ठेवले होते हे जाणायचे असेल तर कुमारांच्या गाण्याकडेच जावे लागते. ग्वाल्हेरच्या एका काटेकोर घरातून निघालेली ही एक वाट घराणे ही कल्पनाच सैल करत गेली.

आता दुसरी हरकत. सव्वातीन मिनिटांत गवई कळत नाही, शिवाय काय गायचे हे कंपनी ठरवत असे. मग या तुलनेला अर्थ किती? मुद्रिका म्हणजे गायकाचे पूर्ण चित्र नव्हे, हे मान्यच. विनायकरावांची तासभराची मैफल तबकडीवर नाही. पण तुलनेसाठी हेच बंधन सोयीचे ठरते. सगळ्यांना वेळ तेवढाच, बाजारही साधारण तोच. अट सारखी असताना जो फरक उरतो तो माणसाचा असतो. कंपनीने सगळ्यांना सारख्याच साच्यात ओतले असते तर ओंकारनाथ आणि नारायणराव असे दोन टोकांना गेले नसते.

तिसरी हरकत जास्त वजनाची आहे. या सगळ्यांत ग्वाल्हेरचे सामाईक लक्षण स्पष्ट आहे: खुला आकार, बंदिशीची स्वच्छ मांडणी, सरळ जाणाऱ्या ताना, अनवट रागांपेक्षा प्रसिद्ध रागांवर भर, ख्यालाच्या सर्व अंगांचा समतोल. मग फरकांवर इतका जोर कशाला? माझे उत्तर असे की ही लक्षणे विष्णु दिगंबरांची नाहीत, त्यांच्या आधीची आहेत. ती बाळकृष्णबुवांकडून आली, आणि बाळकृष्णबुवांच्या दुसऱ्या शिष्यांकडे, अनंत मनोहर जोशी किंवा मिराशीबुवांकडेही होती. गुरूचे म्हणून जे खास ते यात सापडत नाही. ते सापडते दुसरीकडे. त्या काळातल्या इतर मोठ्या गवयांच्या लोकप्रिय मुद्रिका पाहा. अब्दुल करीम खाँची ठुमरी, फैयाज खाँचा दादरा, बाईंच्या कजऱ्या आणि होऱ्या. मैफलीचा आणि मुद्रिकांचा गोड शेवट साधारण शृंगाराकडे जाई. विष्णु दिगंबरांच्या शिष्यांची ओळख मात्र ठुमरीवर नाही. ख्यालाच्या जोडीला ते जे देतात ते भजन. नारायणरावांच्या सर्वांत खपलेल्या मुद्रिकांत राधाकृष्णाचे भजन, ओंकारनाथांची मीरा आणि सूरदास, खऱ्यांची भजनावली, शंकररावांचे ‘रामराज्य’. रंगभूमीवरून आलेले विनायकराव तेवढे यातून थोडे बाहेर राहतात. त्यांच्या नावावर लोकांना आधी तराणाच आठवतो. कुणी म्हणेल भजने खपत होती म्हणून गायली. पण ठुमऱ्याही खपत होत्या, आणि रसिकांत त्यांची मागणी कमी नव्हती. दोन्ही रस्ते खुले असताना एका घरातली माणसे एकाच रस्त्याने गेली, आणि ज्यांचा ख्याल एकमेकांसारखा नाही त्यांची आवड इथे जुळली. याला कारण एकच दिसते. हे विद्यालयात ठरलेले होते: राग भक्तीच्या शब्दांवर उभा करायचा आणि त्यात रागाचा दर्जा उतरू द्यायचा नाही.

म्हणून मला वाटते की नाशिकचे पर्व विष्णु दिगंबरांच्या चरित्रात उतरणीचे पर्व म्हणून वाचणे चुकीचे आहे. चरित्राचा आलेख नेहमी असा काढला जातो: लाहोरला चढ, मुंबईला कळस, मग कर्ज, १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव आणि शेवटी भगवी वस्त्रे व रामनाम. घटनाक्रम खरा आहे. मुंबईची इमारत कर्जाने गेली हे खरे, आणि त्या धक्क्याने माणूस बदलला हेही खरे. पण गोदेकाठी येऊन त्यांनी जे केले, तुलसीरामायणावरची प्रवचने, रामधून, भजन, ते त्यांच्या आधीच्या कामातूनच उगवलेले होते. ‘रघुपति राघव’ची आज सर्वांच्या तोंडी असलेली चाल त्यांचीच मानली जाते, आणि दांडीच्या वाटेवर ती घुमली तेव्हा ती उचलून धरणाऱ्यांत त्यांचेच शिष्य खरे होते. मुंबईत त्यांनी ख्याल शिकवण्याची संस्था बांधली. ती इमारत जप्त होऊ शकली. नाशिकला त्यांनी जे पक्के केले ते शिष्यांच्या तबकड्यांवर पसरले आणि कुणाला जप्त करता आले नाही. पंचवटीत इंद्रकुंडाजवळच्या सभागृहाला आज त्यांचे नाव आहे, पण नाशिकच्या संगीतविषयक लिखाणात आश्रमाच्या वर्षांना जी दोन-तीन वाक्ये मिळतात ती फार अपुरी आहेत.

आता बापूराव. या तुलनेत सर्वांत बोलका पुरावा त्यांचाच. वडिलांकडून त्यांना मिळाले ते आश्रमातले कानावरचे संस्कार, आणि ते मुख्यतः नामाचे व भजनाचे. ख्यालाची तालीम त्यांना चुलतबंधू चिंतामणराव पलुस्कर, मग विनायकराव आणि नारायणराव यांच्याकडून मिळाली. वडिलांचे गुरुबंधू मिराशीबुवा यांच्याकडूनही त्यांनी घेतले. चौदाव्या वर्षी, १९३५ मध्ये, जालंधरच्या हरवल्लभ मेळ्यात ते पहिल्यांदा मोठ्या मंचावर गायले. पहिली ध्वनिमुद्रिका १९४४ ची. त्यांच्या तालमीत एका बाजूला होता रंगभूमीवर तावून निघालेला गुरू आणि दुसऱ्या बाजूला स्टुडिओत तयार झालेला गुरू. बँड फुटल्यावर दोन सदस्यांनी मिळून तिसऱ्याच पिढीचा गायक घडवावा, असा हा प्रकार. दोघांपैकी एकाची नक्कल होणे सहज शक्य होते, तशी ती झाली नाही. तिलक कामोद नारायणरावांनी मुद्रित केला आणि बापूरावांनीही केला. नारायणरावांचा तिलक कामोद धावत येतो आणि तानांच्या रोषणाईत संपतो. बापूरावांच्या मुद्रिकेला वेळ तेवढाच असूनही ती घाईत वाटत नाही. स्वर नीट लागेपर्यंत ते थांबतात, ताना छोट्या आणि मोजक्या घेतात, आणि शब्द जागच्या जागी राहतात. आटोपशीरपणा नारायणरावांचा, आकाराची मोकळीक आणि लयीचा आधार विनायकरावांचा, पण त्यातली शांती या दोघांपैकी कुणाचीच नाही. श्री रागासारख्या गंभीर रागातली त्यांची मुद्रिका ऐकताना ख्याल आणि भजन यांच्यामधली भिंत पातळ झालेली जाणवते. त्यांच्या तुलसीदास-मीरेच्या भजनांत ती उरतच नाही: रागाचे वळण शुद्ध, तान जवळजवळ नाही, शब्द लहान मुलालाही कळावा इतका सोपा. ही शांती आली कुठून याचे उत्तर मी आश्रमाकडे बोट दाखवून देईन. एवढ्या लहान वयात कानावर पडलेले टिकते का, अशी शंका कुणी घेईल. पण शिकवणारे दोन्ही गुरू भजनाच्या बाबतीत तरी त्याच घरातले होते. जे कानावर पडले होते त्याला पुढची वीस वर्षे कुणी विरोध केला नाही.

१९५२ च्या ‘बैजू बावरा’त विजय भट्टांना तानसेन आणि बैजू यांच्या सामन्यासाठी दोन गळे हवे होते. प्रकाश पिक्चर्सची हीच मंडळी नऊ वर्षांपूर्वी शंकरराव व्यासांच्या संगीतावर ‘रामराज्य’ करून गेली होती. नौशादांनी देसी रागातल्या त्या जुगलबंदीसाठी तानसेनाला आवाज दिला अमीर खाँचा आणि बैजूला बापूरावांचा. कथेत बैजू जिंकतो. अमीर खाँचा खोल, वळणावळणाचा स्वर आणि त्यापुढे बापूरावांचा निर्मळ, सरळ आकार ही निवड योगायोगाची नव्हती; भक्त गायकाचा आवाज कसा असावा याची लोकांच्या मनातली कल्पना तोवर विष्णु दिगंबरांच्या शिष्यांनी वीस-पंचवीस वर्षे तबकड्यांवरून घडवलेली होती आणि नौशादांना त्या कल्पनेत बसणारा गळा बापूरावांचाच वाटला असणार. १९५५ मध्ये ते भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर चीनला जाऊन आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मेंदूज्वराने गेले. वय चौतीस. लाँग प्ले तबकडीचा काळ नुकता सुरू होत होता, त्यामुळे त्यांच्या बाबतीत आपल्या हाती मुख्यतः तीन-सव्वातीन मिनिटांचे तुकडे आणि जपून राहिलेली काही लांब ध्वनिमुद्रणे एवढेच आहे. त्यांना शिकवणारे विनायकराव १९७५ पर्यंत आणि नारायणराव १९८४ पर्यंत जगले, ओंकारनाथ बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे अध्यापन उभे करून १९६७ मध्ये गेले, आणि देवधर १९९० च्या मार्चपर्यंत होते. एवढ्या वर्षांत या गुरुबंधूंच्या मुद्रिका एकत्र ठेवून, सालवार, रागवार ऐकण्याचे काम पद्धतशीरपणे व्हायला हवे होते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना दरवर्षी बसणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांना विष्णु दिगंबरांची तारीख-वार माहिती पाठ असते. त्यांना एकाच रागाच्या या तीन-चार मुद्रिका ऐकवल्या आणि कोण कुणाचा गुरुबंधू ते न सांगता फरक ओळखायला सांगितला, तर पुढचा प्रश्न त्यांच्याकडूनच येईल: ख्यालात एवढे वेगळे असलेले हे गायक भजनाला बसले की एकाच घरचे कसे वाटू लागतात?